क्लासच्या गाडीत चालते, स्वतःच्या गाडीत बंद पडते: एका शिकाऊ चालकाचं प्रकरण

हडपसरला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका वहिनींचं हे प्रकरण आहे. त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांचं आणि क्लासचं नाव गाळलंय, कारण असं त्या एकाच क्लासमध्ये घडतं असं मुळीच नाही.

वहिनींचं वय 46. यजमानांची बदली नागपूरला, मुलगा शिकायला बाहेर. घरात पेट्रोलवरची, गिअरची जुनी वॅगन आर, पार्किंगमध्ये धूळ खात उभी. माहेर सासवडचं. तिथे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तपासणीसाठी तिला पुण्यात आणणं-पोचवणं सुरू झालं. वाटेतला दिवे घाट म्हटलं की रिक्षावाला दुप्पट मागायचा, आणि सासवडहून परत यायला कॅब मिळायची नाही. "गाडी दारात आणि मी रिक्षावाल्याच्या विनवण्या करतेय," असं म्हणत एक दिवस त्यांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. तोवर सायकलपलीकडे त्यांनी काहीही चालवलेलं नव्हतं. स्कूटरवर असायच्या त्या कायम मागच्या सीटवर.

क्लासचे 21 दिवस पूर्ण झाले. सरांनी "तुम्ही तयार आहात मॅडम" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनी शेजारच्या एका काकांना बाजूला बसवून स्वतःची गाडी बेसमेंटमधून वर काढायला गेल्या आणि रॅम्पच्या मध्यावर गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती मागे यायला लागली. मागे दुसऱ्या एका सभासदाची गाडी, त्यांचा हॉर्न, वर वॉचमनकाकांचं "डावीकडे, डावीकडे". शेवटी शेजारच्या काकांनीच गाडी वर काढून दिली. वहिनींनी किल्ली कपाटात टाकली आणि हा आपला प्रांत नाही असं जाहीर करून टाकलं.

मला शिकणाऱ्यांच्या शेजारी बसायची हौस आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. प्रश्न सरळ होता. 21 दिवस रोज गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःची गाडी चार मीटर चढावर का नेता येत नाही?

कागदपत्रांचा भाग

यात वहिनींचं काहीच अडलं नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगते. जून 2021 पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या आधारे घरी बसून देता येते. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, शिकाऊ परवान्याचे 150 आणि परीक्षेचे 50 रुपये भरायचे, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा आणि मग 15 प्रश्न सोडवायचे. त्यातले 9 बरोबर आले की पास. वय चाळिशीच्या पुढे असल्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, लागलं. त्यात एक फार उपयोगाचा प्रश्न आहे: 25 मीटरवरून, चांगल्या उजेडात, मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? वहिनींनी डॉक्टरांकडे जायच्या आधी पार्किंगमध्ये पावलं मोजून हे करून पाहिलं. नंबर प्लेट वाचता आली, पण समोरच्या स्पीडोमीटरचे आकडे धूसर. चष्म्याचा नंबर बदलला होता. चाळिशीनंतर शिकणाऱ्या प्रत्येकाने क्लासची फी भरायच्या आधी एवढी एक गोष्ट करावी.

"परीक्षेसकट सगळं आम्हीच करून देतो" अशी तयारी क्लासच्या ऑफिसमधल्या माणसाने दाखवली होती. वहिनींनी नको म्हटलं, आठवडाभर चिन्हं पाठ केली आणि स्वतः परीक्षा दिली. याचा फायदा पुढे रस्त्यावर दिसला. लाल वर्तुळात एक तिरपी रेघ म्हणजे पार्किंगला मनाई आणि फुली म्हणजे थांबायलाही मनाई, हा फरक त्यांना न अडखळता सांगता येतो. बरीच वर्षं गाडी चालवणाऱ्या चार जणांना विचारून बघा.

21 अर्धे तास

खरी गोम क्लासच्या हिशोबात होती. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 31 सांगतो की हलक्या मोटारीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास 10 पेक्षा कमी नकोत. वहिनींचा क्लास 21 दिवस, रोज अर्धा तास. गुणाकार साडेदहा तासांचा. कागदावर अगदी काठोकाठ.

आता त्या अर्ध्या तासात काय व्हायचं ते बघू. सकाळी सातची बॅच, गाडीत दोन शिकणाऱ्या. एकीला घ्यायचं, दुसरीला सोडायचं, जागा बदलायची, मध्येच सरांना फोन. वहिनींना आठवेल तसा आम्ही रस्त्या-रस्त्याने वेळ लावला, तेव्हा स्टेअरिंग हातात असलेली वेळ दिवसाला पंधरा ते वीस मिनिटं निघाली. एकूण सहा-सात तासांच्या वर काही जाईना. त्यातही रोजचा रस्ता तोच, वेळ तीच, वाहतूक तुरळक. रिव्हर्स दोनदा, तोही शेवटच्या आठवड्यात. चढावर थांबून निघणं एकदाही नाही.

तरीही सहा-सात तासांत गाडी सपाटीवर नीट सुटायला हवी. ती का सुटत नव्हती हे एका मोकळ्या प्लॉटवर कळलं. गाडी तिथपर्यंत मी नेली आणि वहिनींना चालकाच्या सीटवर बसवलं.

"वहिनी, रेसला पाय लावायचाच नाही. पहिला टाका आणि क्लच इतका हळू सोडा की गाडी आपली आपण सरकेल."

"नुसत्या क्लचवर? गाडी बंद पडेल ना."

"पडू दे."

गाडी धक्का देऊन बंद पडली. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी वहिनी वैतागल्या. "अगं, सरांच्या गाडीत मी असाच क्लच सोडायचे. एकदाही बंद पडली नाही!"

"सरांचे पाय कुठे असायचे?"

त्या गप्प झाल्या. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. नजर समोर, मान ताठ, हात स्टेअरिंगवर आवळलेले. शेजारी सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक आहेत हे त्यांना माहीत होतं. पण ते संकट आलं तरच वापरायचे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात वहिनी क्लच झटकन सोडायच्या तेव्हा सर आपल्या पायाने तो धरून ठेवत आणि सावकाश सोडत. वहिनींच्या डाव्या पायाला खालून कुणी सावरतंय याचा पत्ताच लागत नव्हता.

प्रशिक्षण देणाऱ्या गाडीला दुहेरी नियंत्रण असायलाच हवं असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. त्याशिवाय नवख्या माणसाला शहरातल्या रस्त्यावर काढणं हा वेडेपणा ठरेल. माझी तक्रार त्या पेडलांबद्दल नाही. सरांचा पाय कधी मदतीला आला आणि कधी नाही, हे शिकणाऱ्याला कळत नाही, याबद्दल आहे.

त्यात गाडीचा फरक. क्लासची गाडी डिझेलची होती. डिझेल इंजिन कमी वेगातही जोर धरतं, रेस न देता क्लच जरा आडदांडपणे सोडला तरी बरेचदा सांभाळून घेतं. वहिनींच्या पेट्रोल गाडीला तेवढी सहनशक्ती नव्हती. शिवाय जुन्या गाडीचा क्लच पेडल बराच वर आल्यावर पकडायचा, वहिनींचा पाय मात्र तो खालीच पकडेल अशी वाट पाहायचा. या सगळ्यावर 'रेस द्या, रेस द्या' हा क्लासचा मंत्र. रेसने चूक झाकली जाते, सुधारत नाही.

तिसरं कारण अगदी साधं होतं, म्हणूनच सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. क्लासच्या गाडीत सीट जिथे असेल तिथेच बसायचं, कारण पंधरा-वीस मिनिटांत दुसरी बसणार. वहिनींची उंची बेताची. क्लच तळापर्यंत दाबायचा तर त्यांना सीटवरून पुढे घसरावं लागायचं आणि पाय टाचेवर टेकायचाच नाही. टाच हवेत असेल तर पाय केसभर कसा उचलणार? त्यातून पायात सैल चप्पल.

दुरुस्ती

वहिनींचं लर्निंग अजून चालू होतं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. म्हणजे हातात पुरेसा वेळ होता. अनेकांना वाटतं की लर्निंगवर फक्त क्लासचीच गाडी चालवता येते. तसं नाही. नियम 3 प्रमाणे शिकाऊ माणूस स्वतःची गाडी चालवू शकतो. मात्र शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती हवी, आणि गाडी थांबवता किंवा ताब्यात घेता येईल अशा जागी ती बसलेली हवी. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. पाटी किमान 18 सेंटिमीटरची चौकोनी. पाठीमागे स्केचपेनने काढलेला कागद चिकटवण्यापेक्षा दुकानातून नीट पाटी आणावी, कारण विम्याच्या पॉलिसीत चालकाबद्दलचं जे कलम असतं त्यात शिकाऊ चालकाला संरक्षण याच नियम 3 च्या अटींवर मिळतं. नवऱ्याच्या नावावरच्या गाडीवर शिकताना लोक हे विचारतच नाहीत.

स्वतःच्या गाडीत शेजाऱ्याला ब्रेक नसतो. त्याच्या हाताशी असतो फक्त मधला हँडब्रेक. त्यामुळे माझा उजवा हात कायम दांड्याजवळ, हे पहिल्याच दिवशी ठरलं, आणि तो कधी ओढणार हेही मी आधीच सांगून ठेवलं.

सीट पुढे घेतली, खाली कडक उशी घातली, पायात पातळ तळव्याचे बूट. आधी फक्त क्लच. वहिनी प्लॉटभर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत राहिल्या, रेसला हात नाही की पाय नाही. कंटाळवाणा प्रकार आहे आणि क्लासवाले तो का टाळतात तेही समजतं. विद्यार्थ्याला वाटतं पैसे देऊन नुसतं सरकायलाच शिकतोय. पण दुसऱ्या सकाळी वहिनी म्हणाल्या, "अगं, पकडतो तेव्हा स्टेअरिंग थरथरतं." त्या क्षणी मला खात्री पटली की रॅम्प होणार.

रॅम्पसाठी पहाटेची वेळ धरली, बेसमेंटमधून कुणी निघायच्या आत. वॉचमनकाका मदतीला म्हणून मागच्या चाकाशी वीट घेऊन उभे राहिले. त्यांना हात जोडून बाजूला केलं. मागे येऊ शकणाऱ्या गाडीच्या मागे माणूस नको.

क्रम असा. मध्यावर थांबायचं, हँडब्रेक कचकन ओढायचा, पायब्रेक सोडून बघायचा. गाडी जागची हलली नाही म्हणजे हँडब्रेक धरतोय. क्लच तळाला, पहिला गिअर. उजव्या पायाने थोडी रेस. आवाज वर-खाली होऊ द्यायचा नाही, एका सुरात धरायचा. आता टाच टेकलेल्या डाव्या पायाने क्लच हळूहळू वर. एका जागी तो सूर खाली बसतो आणि बोनेटचा पुढचा भाग जरासा उचलल्यासारखा होतो. पाय तिथेच थांबवायचा. घाई करायची नाही. मग दांड्याचं बटण दाबून हँडब्रेक खाली. गाडी मागे येत नाही. रेस जराशी वाढवली की ती वर निघते, आणि मगच क्लचवरचा पाय पूर्ण सुटतो.

पहिल्या दिवशी वहिनींनी हँडब्रेक फार लवकर सोडला आणि गाडी मागे आली. दांडा मी ओढला. मग उलट झालं, भीतीने हँडब्रेक सोडवेचना आणि क्लच अर्धवट धरून त्या तशाच बसल्या. बेसमेंटभर क्लच प्लेट तापल्याचा वास. तिथे थांबून इंजिन बंद करून गप्पा मारणं हाच उपाय. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरणं हे कौशल्य नव्हे, प्लेटचा खर्च आहे. सिग्नलवर असं करणारे अनुभवी चालकही पुष्कळ दिसतात. चौथ्या सकाळी गाडी बंद न पडता, न घसरता तीनदा वर आली. वॉचमनकाकांनी वीट फेकून दिली.

यानंतरचं काम मला जास्त अवघड वाटलं. वहिनींनी आयुष्यभर रस्ता मागच्या सीटवरून पाहिला होता. मागे बसणारा रस्ता बघतो, पण ठरवत काही नाही. समोर बस थांबली की 'आता हे ब्रेक मारतील' एवढंच. म्हणून हडपसरच्या गाडीतळ चौकाच्या बाजूला गर्दीत जाण्याआधी त्यांना मी बोलत चालवायला लावलं. जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं आणि पुढे काय होईल तेही. "पीएमपी स्टॉपवर लागतेय, तिच्यापुढून कुणीतरी येईल. डावीकडून बाइक घुसतेय. रिक्षाचं पुढचं चाक वळलंय, म्हणजे हा निघणार." सुरुवातीला त्या बोलायच्या तेव्हा गाडी हळू व्हायची, गाडी सांभाळायच्या तेव्हा बोलणं बंद. दोन्ही एकत्र जमायला बराच वेळ गेला. डावा आरसा मात्र त्यांनी लवकर धरला. पुण्यात डाव्या आरशाशिवाय डावीकडे वळणं म्हणजे एखाद्या दुचाकीवाल्याच्या नशिबाची परीक्षा.

परीक्षा

पुण्यात मोटारीच्या पक्क्या परवान्याची चाचणी भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या ट्रॅकवर होते. चाचणीचे 300 रुपये. क्लासची गाडी त्या दिवसापुरती मिळते आणि बहुतेक जण तीच घेतात. वहिनींनी स्वतःची गाडी न्यायचं ठरवलं, सोबत आरसी, विमा, पीयूसी. मला हा निर्णय पटला होता. ज्या पेडलांची सवय लागली तीच परीक्षेतही असावीत.

नियम 15 मध्ये चाचणीत काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. ती क्लासमध्ये कुणी वाचून दाखवत नाही. आरसा लावून घेणं, सुरळीत निघणं, सगळे गिअर टाकणं, चढावर थांबून मागे न येता निघणं, उतारावर झटपट खालचा गिअर घेणं, मर्यादित जागेत रिव्हर्स, पादचारी पट्ट्याशी योग्य वागणं, असं बरंच. वाचली तर कळतं की ही यादी ट्रॅकपुरती नाही, रोजच्या रस्त्याचीच आहे.

पहिल्या वेळी वहिनी नापास झाल्या. आठाचा आकडा नीट निघाला, चढाव तर एवढा सहज गेला की त्यांनाच हसू आलं. गाडी रेघेवर गेली ती 'एच' आकाराच्या ट्रॅकवरच्या रिव्हर्समध्ये. कारण विचारलं तर उत्तर ऐकून मी कपाळाला हात लावला. "सरांनी सांगितलेली खूण धरली. मागच्या छोट्या काचेत खांब आला की स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं." ती खूण क्लासच्या गाडीची! तिची काच वेगळी, लांबी वेगळी, सीट वेगळी. आम्ही प्लॉटवर रिव्हर्स आरशाच्या भरवशावर, अगदी सावकाश करायचो. पण ट्रॅकवर घाबरल्यावर डोकं जुन्या पाठांतराकडे धावलं.

नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालं तर मात्र पुढचे 60 दिवस नाही. ते सात दिवस वहिनींनी पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून रिव्हर्सच केला, डाव्या आरशात मागचं चाक आणि बाटल्यांची रेघ यांतलं अंतर बघत, क्लचवर सरकत. खुणा सगळ्या विसरायच्या, असं ठरलं. पुन्हा 300 रुपये भरले आणि दुसऱ्या वेळी पास.

या सगळ्यात मला एकदा विचारलं गेलं की आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली असती तर? निम्मा त्रास वाचला असता, नक्की. मोटारीच्या परवान्यावर आपल्याकडे तसा वेगळा वर्गही नाही. पण गाडी दारात उभी होती ती गिअरची, आणि नवी घ्यायची तर हिशोब वेगळाच. दुसरा पर्याय मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा केंद्रात हलक्या मोटारीचा कोर्स चार आठवड्यांत 29 तासांचा असतो, आणि तो पूर्ण करणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. त्यातले प्रत्यक्ष चालवण्याचे 21 तास, आणि वहिनींचे सहा-सात. वेळ आणि पैसा असेल तर मी आता तेच सुचवते.

घाट

पक्का परवाना आल्यावरच दिवे घाट, असं आधीपासून ठरलं होतं. पहिल्या खेपेला मी शेजारी होते. रविवारी सकाळी फुरसुंगी, वडकी आणि मग चढ. मध्यावर एका भरलेल्या ट्रकमागे थांबावं लागलं. वहिनींनी एक गाडी मावेल एवढं अंतर आधीच ठेवलं होतं, कारण ट्रक निघताना मागे येऊ शकतो. हँडब्रेक, सूर, क्लच, आणि गाडी निघाली. खाली मस्तानी तलाव दिसतो हे मी सांगितलं तेव्हा "नंतर बघेन" म्हणाल्या.

उतरताना मात्र वाद झाला. सासवडच्या भावाने "उताराला न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं" असा सल्ला दिलेला. हा सल्ला घाटातला सर्वात जुना आणि सर्वात वाईट. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेसवरून पाय काढून गिअरमध्ये उतरलं तर इंजिनाचं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच थोडं जळत राहतं. म्हणजे बचतही नाही, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पेडल मऊ लागायला लागतं आणि तोवर वळण आलेलं असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक वेळ दुसरा, आणि ब्रेक फक्त थोडा थोडा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. भाऊ मागे बसला होता, गप्प बसला. आई मात्र बोलत होती. प्रत्येक वळणाला "हळू गं".

आता वहिनी महिन्यातून दोनदा आईला घेऊन येतात-जातात. रात्री आणि जोरदार पावसात घाट अजून घेत नाहीत, आणि आषाढी वारीला माउलींची पालखी घाटातून जाते त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते म्हणून आईची तारीखच पुढे ढकलतात.

परवाना आल्यावर पेढे घेऊन त्या क्लासमध्ये गेल्या होत्या. सरांना त्यांनी सरळ विचारलं, शेवटच्या आठवड्यात तरी तुम्ही दोन्ही पाय वर घेऊन का बसत नाही? सर हसले. "मॅडम, गाडी चार वेळा बंद पडली की माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. फी परत मागतो. आणि पाय काढून बसलो तर बंपर कोण भरून देणार?" यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. सर बेइमान नाहीत. एकाच जुन्या गाडीवर दिवसाला दहा-बारा जण शिकवतात. त्यामुळे वहिनींनी आपल्या मजल्यावरच्या, त्याच क्लासला जाणाऱ्या मुलीला निराळंच काम सांगितलं. रोज गाडीतून उतरल्यावर स्टेअरिंग किती मिनिटं हातात होतं ते वहीत लिही, आणि गाडीत बसताना सरांना विचार, "आज तुमचे पाय कुठे?" मुलगी लाजली, पण दुसऱ्या दिवशी विचारून आली. सरांनी तिला रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटं पाय मागे घेऊन दाखवले. गाडी तीनदा बंद पडली.